बाळंतिणीचे ताट आणि बाळाची वाटी



स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय व्यासपीठापेक्षा स्वयंपाकघराला अधिक शोभणारा आहे, असे काहींना वाटेल. परंतु जे समजुतीवर चालत आले आहे ते एकदा तपासून पाहावे, ही शिकवण मला याच शाळेने दिली. म्हणून बाळंतिणीच्या ताटातील आणि बाळाच्या वाटीतील हिरव्या भाजीविषयी चार गोष्टी मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आपला पांढुर्णा-सौसरचा मुलूख संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे होऊन या दोन तहसिलींचा स्वतंत्र जिल्हाही झाला. येथे पालेभाजीची वाण नाही. पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, अंबाडी, तरोटा. हिवाळ्यात मेथी, पालक, हरभऱ्याची कोवळी भाजी. आणि परसातला शेवगा तर जवळजवळ बारमाही. असे असूनही घरात बाळ जन्मले की पुष्कळ घरांत ही भाजी उंबऱ्याबाहेरच थांबते. मेथीच्या दाण्यांचे लाडू बाळंतिणीला आग्रहाने खाऊ घालतात; मेथीची भाजी मात्र वर्ज्य! कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘आईने हिरवे खाल्ले की बाळाला हिरवी शी होते.’

दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. मध्य प्रदेशात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ७२.७ टक्के आणि १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४.७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. याचा सारा दोष भाजी वर्ज्य करण्यावर टाकता येणार नाही, हे उघड आहे. परंतु जे औषधी गुणाचे अन्न दारात उगवते, ते नेमके गरजेच्या वेळी नाकारणे आपल्याला परवडणारे नाही.

प्रथम त्या समजुतीचाच विचार करू. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी कधी पिवळी, कधी हिरवट असते. तो हिरवा रंग बहुधा पित्तातील रंगद्रव्याचा असतो, आईने खाल्लेल्या पानाचा नव्हे. बाळ खेळते आहे, नीट पिते आहे, वजन वाढते आहे, तर केवळ रंगावरून घाबरण्याचे कारण नाही. पुढे बाळ स्वतः भाजी खाऊ लागले म्हणजे शी हिरवी होणे आणि तिच्यात पानाचे बारीक कण दिसणे हेही स्वाभाविकच. मात्र पाण्यासारखे वारंवार जुलाब, रक्त, ताप किंवा मलूलपणा असेल तर रंग न पाहता दवाखाना गाठावा.

मग आपल्या आज्या-पणज्या अगदीच चुकल्या काय? मला तसे म्हणवत नाही. पालेभाजीचा भर असतो पावसाळ्यात. त्याच दिवसांत नदी-विहिरींचे पाणी गढूळ होते, पानांना चिखल व किडी असतात, आणि जुलाबाच्या साथीही तेव्हाच येतात. त्यांनी पाहिलेला त्रास खरा होता. फक्त दोष पाण्याचा व हातांचा होता, तो पानाच्या माथी आला. निवडलेली, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुतलेली आणि शिजवलेली भाजी बाळंतिणीला वर्ज्य असण्याचे कारण नाही.

हिरवी भाजी बाळापर्यंत दोन वाटांनी पोहोचते, आणि या दोन वाटांची गल्लत होऊ नये. पहिली वाट आईच्या दुधाची. पहिले सहा महिने पाजणाऱ्या स्त्रीला रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते. तिच्या आहारात ‘अ’ जीवनसत्त्व कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. पालेभाजीतील कॅरोटीनपासून शरीर हे जीवनसत्त्व तयार करते. लोहाचे तसे नाही. आईने कितीही भाजी खाल्ली तरी दुधातील लोह फारसे वाढत नाही. फोलेट या जीवनसत्त्वाची कथा आणखी निराळी आहे. आईच्या शरीरात ते कमी पडले तरी दुधातील प्रमाण सहसा टिकून राहते. म्हणजे आई आपल्या अंगचे झिजवून बाळाला पुरवते. ‘बाळ तर गुटगुटीत आहे’ असे म्हणून आपण समाधान मानतो, तेव्हा आई आतून रिती होत असू शकते.

या फोलेटचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या आणि गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली अमेरिकेत काही टन पालकातून हा घटक वेगळा करण्यात आला आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. गरीब कष्टकरी बाईच्या दुखण्याचे उत्तर अखेर पानातही सापडले!

आईच्या दुधातून आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे चव. अमेरिकेतील ज्यूली मेनेला यांनी १९९१ साली दाखवले की आईने लसूण खाल्ल्यावर दुधाला त्याचा वास येतो आणि बाळ ते नाकारीत नाही. २००१ सालच्या प्रयोगात ज्या मातांनी गरोदरपणी किंवा पाजताना गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचे अन्न कमी तोंड वाकडे करून स्वीकारले. मेथीची ओळखही आईच्या ताटातूनच सुरू होऊ शकते.

दुसरी वाट बाळाच्या वाटीची. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध. वरचे पाणीही नको. परंतु जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो. कमी वजनाच्या बाळाचा त्याआधीच. म्हणून अन्नप्राशन झाले की वाट पाहू नये. मऊ शिजवलेल्या वरण-भातात किंवा खिचडीत मूठभर निवडलेली कोवळी पाने शिजवावीत, नीट घोटावीत, वर अर्धा चमचा तूप अथवा तेल घालावे. कारण कॅरोटीन स्निग्धांशाबरोबरच अंगी लागते. शिजवलेले पाणी फेकू नये. भाजी ताजी करावी, उरलेली संध्याकाळसाठी ठेवू नये. आरंभी दोन-तीन चमचे पुरेत. सोबत अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे.

बाळ पहिल्या दिवशी थुंकेल. ‘याला आवडत नाही’ असा निकाल तेव्हाच देऊ नये. २००७ सालच्या एका अभ्यासात बाळांना आठ दिवस रोज शेंगभाजी दिली, तेव्हा त्यांचे खाणे वाढले. कडू तोंड करीतच ती अधिक खाऊ लागली. जबरदस्ती नको, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चमचा पुढे करावा.

भाजीची मर्यादाही सांगितली पाहिजे. पानातील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. आंबटाची जोड दिली तर ते वाढते: बाळाच्या घासात लिंबाचे दोन थेंब, आणि आईच्या जेवणाबरोबर आपल्याच बागेतले संत्रे. ‘संत्रे थंड’ म्हणून तिला ते नाकारू नये. चहा मात्र जेवणाला लागून नको. डाळी हव्यात आणि चालत असेल त्या घरी अंडेही हवे. बाळाचे लोहाचे औषध व आईच्या गोळ्या भाजी खाते म्हणून बंद करू नयेत. आपल्या भागात सिकलसेलचेही रुग्ण आहेत. तेव्हा फिकटपणा दिसला की रक्त तपासून घ्यावे, तर्कावर उपचार करू नयेत.

शेवटी एक प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला, विशेषतः माझ्या माजी विद्यार्थी बंधूंना. घरातील बाळंतीण कितव्या पंगतीला जेवते? भाजी बाजारातून आणली, निवडली, शिजवली. पण ती तिच्या ताटात पडेपर्यंत कढईत रस्साच उरत असेल, तर माझे आजचे सारे बोलणे व्यर्थ आहे. तिला आधी वाढावे आणि त्याच ताटातला एक मऊ घास बाळाच्या वाटीत जावा, एवढीच माझी विनंती आहे.