लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयांतील आशिया अध्ययन

अमेरिकेतील लिबरल आर्ट्‌स महाविद्यालये ही मुख्यतः पदवीचे शिक्षण देणारी, मर्यादित विद्यार्थिसंख्येची निवासी महाविद्यालये होत. मोठ्या विद्यापीठांप्रमाणे आशियाई भाषांचे स्वतंत्र विभाग त्यांना सहसा परवडत नाहीत. अनेकदा संपूर्ण दक्षिण आशिया एकाच प्राध्यापकाकडे असतो. तो निवृत्त झाल्यावर विषयच बंद पडण्याचा धोका असतो.

यावर महाविद्यालयांनी संघ स्थापून मार्ग काढला. १९५८ साली स्थापन झालेल्या ‘असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट’ या संघाने पुण्यात भारत अध्ययन कार्यक्रम चालवला. विद्यार्थी पुणेकर कुटुंबांत राहत व मराठी शिकत. एकट्या महाविद्यालयाला जी भाषा शिकवणे अवघड, ती अशा रीतीने अभ्यासक्रमात आली.

मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एलिनॉर झेलियट (१९२६–२०१६) या कार्यक्रमाशी निगडित होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व महार चळवळीवरील प्रबंधासाठी त्यांना १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. आंबेडकरी चळवळीच्या या अग्रगण्य अभ्यासिकेने अध्यापन केले ते एका लहान महाविद्यालयात, ही बाब लक्षणीय आहे.

इंग्लिश भाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके मोजकीच होती. फलटणच्या रहिवासी मॅक्सीन बर्नसन व जाई निंबकर यांच्या पुस्तकांनी ही उणीव बरीचशी भरून काढली.