संगणकात नोंद जाण्याआधी रजिस्टर पाहा

जून उजाडला की सेतू केंद्रांसमोर आपल्या मुलांच्या रांगा लागतात. जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्ती, सगळेच अर्ज आता संगणकावर. त्यामुळे हेलपाटे कमी झाले, हे आम्ही मान्य करतो. पण संगणक काय करतो आणि काय करत नाही, हे तरुणांनी नीट समजून घेतले पाहिजे.

संगणक पुरावा तयार करत नाही. भरलेली नोंद फक्त जपतो. ही नोंद दोन प्रकारे जाते. स्कॅन म्हणजे मूळ पानाचे छायाचित्र. डेटा एन्ट्री म्हणजे कुणीतरी ते पान वाचून पुन्हा लिहिणे. इथे आडनावाची एक वेलांटी चुकली, तर तीच चूक पुढच्या प्रत्येक दाखल्यावर छापून येते.

आपल्या समाजापुढे आणखी एक पेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या नोंदी बदलल्या. आजोबांच्या शाळेत ‘हिंदू महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’, मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. माणसाला हा इतिहास कळतो. संगणकाला तीन वेगळे शब्द दिसतात. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती १९९० मध्ये दिल्या, पण त्यासाठी मूळ जात सिद्ध करावी लागते. पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो असतो जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, कधी मोडी लिपीत. ते पान वाळवीने खाल्ले, तर संगणक काय दाखवणार?

म्हणून आमचे सांगणे आहे :

एक, आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदीची सत्यप्रत आजच काढून ठेवा. पडताळणीची नोटीस येण्याची वाट पाहू नका.

दोन, मुलाच्या शाळेतील नोंद तपासा. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात मूळ अनुसूचित जात आहे का, ते पाहा. जात लिहिताना मनाला लागते, हे आम्ही जाणतो. पण घटनात्मक हक्क त्याच नोंदीवर उभा आहे. चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करा, नंतर ते फार अवघड जाते.

तीन, रजिस्टर दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो; अभिलेखाची पाहणी करण्याचा आणि प्रमाणित प्रत घेण्याचा हक्क २००५ च्या कायद्याने दिला आहे. अभिलेखांची सूची करून, शक्य त्या नोंदी वाजवी मुदतीत संगणकावर आणण्याची जबाबदारीही त्याच कायद्याच्या कलम ४ ने कार्यालयांवर टाकली आहे.

बुद्धविहारात रविवारी वंदना झाल्यावर तासभर बसा. ज्याला संगणक येतो त्याने वस्तीतल्या दहा घरांचे कागद तपासावेत. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, त्यात आपलीच नोंद वाचायला शिकणेही आले.

जय भीम!