डाग पडला तरी कोड वाचतो कसा?

आठवडी बाजार असो की प्रदर्शन, आपल्या पापड-मसाल्याच्या स्टॉलवर आता क्यूआर कोडचा चौकोन ठेवावाच लागतो. त्यावर तिखट सांडतं, तेलाचा हात लागतो, कागद फाटतो. तरी गिऱ्हाइकाचा मोबाईल तो वाचतो आणि पैसे खात्यात येतात. पुसलेलं मशीनला कळतं कसं, असा प्रश्न आमच्या गटाच्या बैठकीत निघाला. आज त्यावरच बोलू या.

आधी आपली बचतीची वही उघडू. चौघींची बचत लिहिली आहे: १००, १५०, २०० आणि ५०. खाली बेरीज ५००. समजा २०० वर चहा सांडला. बाकीच्या तिघींचे ३०० बेरजेतून वजा केले, की पुसलेले २०० परत मिळाले. म्हणजे बेरीज हा जादा लिहिलेला आकडा राखणदाराचं काम करतो.

पण आकडा पुसला नाही, २०० ऐवजी २१० लिहिला गेला तर? बेरीज जुळत नाही, म्हणजे चूक आहे एवढं कळतं. कुठे आहे ते कळत नाही. म्हणून वर्षाच्या तक्त्यात आपण आडवी आणि उभी, दोन्ही बेरजा करतो. जी आडवी ओळ जुळत नाही आणि जो उभा रकाना जुळत नाही, ते जिथे एकमेकांना छेदतात तिथेच चूक. फरक किती, तेही समजतं.

शास्त्रज्ञांनी हाच विचार पुढे नेला. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये काम करणाऱ्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मशीनने स्वतःची चूक स्वतः शोधून दुरुस्त करण्याची रीत मांडली. १९६० मध्ये आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी साध्या बेरजेऐवजी बीजगणित वापरलं. त्यामुळे एकदम अनेक चुका दुरुस्त करता येऊ लागल्या. १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला क्यूआर कोड तयार झाला. कारखान्यात तेल-मळ असणारच, म्हणून त्यात रीड-सॉलोमनचं गणित घातलं. कोड छापतानाच खऱ्या माहितीसोबत जादा आकडे भरलेले असतात. ते किती भरले यावर सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. मात्र तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन या दुरुस्तीत येत नाहीत. कोड कुठे आहे, हे मोबाईल त्यांच्यावरूनच ओळखतो. ते कोपरे आधी पुसून स्वच्छ ठेवा.

निसर्गही असंच करतो. आपल्या पेशीतल्या डीएनएला दोन धागे असतात. एका धाग्यावर काय आहे ते दुसऱ्यावरून ओळखता येतं. उन्हाने एका धाग्याला इजा झाली, तर पेशी खराब तुकडा कापून काढते आणि दुसऱ्या धाग्यावरून तो पुन्हा भरते. अशा दुरुस्तीच्या अभ्यासासाठी टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आधार क्रमांकातही राखणदार आहे. बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. ही रीत डच गणिती व्हर्होफ यांची, १९६९ सालची. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर मशीनला लगेच कळतं. मोबाईल नंबरात मात्र असा राखणदार नाही. एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच कुणाला जाऊ शकतात. म्हणून पाठवण्याआधी समोर आलेलं नाव वाचायचंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे गणित डाग ओळखतं, लबाडी ओळखत नाही. आपल्या कोडवर कुणी स्वतःचा कोड चिकटवला, तर तो कोडही धडधाकटच असतो. मशीन तो बिनतक्रार वाचेल, आणि दिवसभराची कमाई परक्याच्या खात्यात जाईल. तिथे राखणदार आपणच.

म्हणून स्टॉल मांडला की आधी आपला कोड दुसऱ्या मोबाईलवर स्कॅन करा आणि गटाचं किंवा आपलंच नाव येतं का ते बघा. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर भरवसा ठेवू नका, पैसे खात्यात जमा झाल्याचं बघूनच माल द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितला तर ती फसवणूक समजा. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या नंबरवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीत वहीवर एक आकडा झाका आणि बेरजेवरून तो शोधायला सांगा. शाळेत न गेलेल्या ताईंनाही हे विज्ञान लगेच समजेल.