समुदाय-समर्थित शेतीतील मध्य-उन्हाळा

समुदाय-समर्थित शेती ही भाजीपाला उत्पादन व वितरणाची एक पद्धत आहे. या पद्धतीत ग्राहक हंगाम सुरू होण्यापूर्वीच शेतकऱ्याला संपूर्ण हंगामाची रक्कम देऊन शेताचे सभासद होतात आणि त्या बदल्यात दर आठवड्याला ताज्या उत्पन्नातील ठरलेला हिस्सा घेतात. अमेरिकेच्या ईशान्य भागातील अशा शेतांवर जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वाधिक कामाचा असतो. पेरणी, निगराणी आणि काढणी ही तिन्ही कामे या काळात एकाच वेळी करावी लागतात.

पार्श्वभूमी

जपानमध्ये १९७०च्या दशकात 'तेइकेई' या नावाने उत्पादक व ग्राहक यांच्यातील थेट भागीदारी रूढ झाली. याच सुमारास युरोपात, विशेषतः स्वित्झर्लंड व जर्मनीमध्ये, तत्सम प्रयोग झाले. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमधील टेंपल-विल्टन कम्युनिटी फार्म या दोन शेतांनी ही पद्धत सुरू केली. इंडियन लाइन फार्मच्या रॉबिन व्हॅन एन यांनी पुढे तिच्या प्रसारासाठी काम केले.

काढणी

जूनमधील हिश्शात मुख्यतः पालेभाज्या, मुळा व मटार असतात. जुलैमध्ये त्यात काकडी, झुकिनी, फरसबी, गाजर व नवे बटाटे यांची भर पडते, तर टोमॅटो, वांगी, मिरची व मका यांचा भर ऑगस्टमध्ये येतो. झुकिनी व काकडी उष्ण हवेत झपाट्याने वाढतात. त्यामुळे त्यांची तोडणी दररोज किंवा एक दिवसाआड करावी लागते. तोडणी लांबल्यास फळे मोठी व जून होतात आणि वेलीवर नवी फळे धरण्याचे प्रमाण घटते.

पालेभाज्यांची काढणी ऊन चढण्यापूर्वी, पहाटे केली जाते. काढलेली पाने थंड पाण्यात बुडवून त्यांतील उष्णता कमी केली जाते व नंतर ती शीतखोलीत ठेवली जातात. टोमॅटो मात्र शीतखोलीत ठेवत नाहीत, कारण अतिथंडीने त्याची चव व पोत बिघडतो.

आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लावलेला लसूण जुलैमध्ये काढणीस येतो. त्यापूर्वी, जूनमध्ये, त्याचे कोवळे फुलदांडे खुडले जातात. यामुळे गड्डा चांगला पोसतो आणि हे दांडे भाजी म्हणून सभासदांना देता येतात. खालची काही पाने पिवळी पडल्यावर गड्डे उपटून हवेशीर सावलीत दोन ते चार आठवडे वाळवतात. उत्तम गड्डे पुढील लागवडीच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवले जातात.

मशागत व पेरणी

टोमॅटोच्या झाडांना सुतळीचा आधार देणे व बगलफुटी काढणे ही कामे दर आठवड्याला करावी लागतात. खुरपणी सतत चालू असते. या शेतांत तण म्हणून उपटल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी घोळ आणि चाकवत या महाराष्ट्रात भाजी म्हणून आवडीने खाल्ल्या जातात.

शरद ऋतूतील हिश्शाची तयारीही याच काळात होते. गाजर व बीट यांची पेरणी आणि ब्रोकोली व कोबी यांच्या रोपांची लागवड जुलैमध्ये उरकावी लागते. उत्तरेकडील या प्रदेशात ऑगस्टनंतर दिवस वेगाने लहान होतात व वाढ मंदावते. म्हणून जुलैत झालेला आठवड्याभराचा उशीर ऑक्टोबरमध्ये अधिक मोठा ठरतो. रिकाम्या वाफ्यांत कुट्टू पेरून तण दाबले जाते. त्याची फुले मधमाश्यांना उपयोगी पडतात. बी धरण्यापूर्वी हे पीक कापून जमिनीत मिसळले जाते.

वितरण

ठरलेल्या दिवशी सभासद शेतावर किंवा गावातील केंद्रावर येऊन आपला हिस्सा नेतात. फरसबी, लहान टोमॅटो व फुले यांच्या तोडणीला मजुरी फार लागते. त्यामुळे अनेक शेतांवर सभासदांनी ही पिके स्वतः तोडून न्यावीत अशी व्यवस्था असते. काही ठिकाणी शेतकामाच्या मोबदल्यात हिस्सा मिळतो.

जोखमीची वाटणी

पीक चांगले आल्यास हिस्सा वाढतो व पीक बुडाल्यास तो घटतो, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे. त्याची कसोटी बहुधा मध्य-उन्हाळ्यातच लागते. २००९ साली ईशान्य अमेरिकेत उशिरा येणाऱ्या करप्याची मोठी साथ आली. मोठ्या दुकानांतून विकल्या गेलेल्या रोगट टोमॅटो रोपांमुळे आणि थंड, पावसाळी हवेमुळे ती पसरली. या रोगाचा कारक फायटोप्थोरा इन्फेस्टन्स हाच आयर्लंडमध्ये १८४५पासून पडलेल्या दुष्काळास कारणीभूत ठरला होता. या साथीत अनेक शेतांना टोमॅटोची झाडे उपटून टाकावी लागली.

जुलै २०२३ मध्ये व्हरमाँट राज्यात महापूर आला आणि बर्लिंग्टन शहराजवळील इंटरव्हेल भागातील शेते विनूस्की नदीच्या पाण्याखाली गेली. पुरात सांडपाणी व रसायने मिसळलेली असू शकतात. म्हणून ज्या पिकांच्या खाण्यायोग्य भागाला पुराचे पाणी लागले आहे, ती अमेरिकी नियमांनुसार विक्रीस अपात्र ठरतात. हंगाम ऐन भरात असताना, वरवर धडधाकट दिसणारी भाजीही अशा वेळी टाकून द्यावी लागते.

अशा प्रसंगी आगाऊ मिळालेल्या रकमेतून बियाणे व मजुरी यांचा खर्च भागलेला असतो आणि उरलेल्या हंगामासाठी पुन्हा पेरणी करणे शक्य होते. सभासदांना मात्र काही आठवडे लहान हिस्सा किंवा रिकाम्या पिशवीवर समाधान मानावे लागते. ही रक्कम सर्व नुकसान भरून काढू शकत नाही. त्यामुळे पुढील वर्षी किती सभासद परत येतात, यावर अशा शेताचे टिकून राहणे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.