वळवाचा थेंब लागत नाही, गार मात्र डोकं फोडते, असं का?

बेळगाव / प्रतिनिधी

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ढग भरून येतात, वारा सुटतो आणि वळीव कोसळतो. थेंब टपोरे असले तरी अंगाला फारसे लागत नाहीत. पण त्याच ढगातून गारा पडल्या की कौलं फुटतात, अथणी भागातल्या द्राक्षबागा झोडपून निघतात, रस्त्यावरचा माणूस जखमी होतो. दोन्ही पडतात वरूनच, मग फरक कुठला?

फरक आहे हवेचा. हवा नसेल तर पडणाऱ्या कुठल्याही वस्तूचा वेग दर सेकंदाला ताशी ३५ किलोमीटरने वाढत जातो; वस्तू जड आहे की हलकी, याने काही बिघडत नाही. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचं पीस एकदम सोडून दाखवलं. तिथे ओढ कमी, पण हवाच नाही. दोन्ही एकाच वेळी खाली टेकली.

जमाखर्चाचा हिशोब

पृथ्वीवर मात्र हवा आडवी येते. वस्तूचं वजन ही जमा बाजू आणि हवेचा विरोध हा खर्च, असं समजा. जमा ठरलेली आहे, पण वेग दुप्पट झाला की खर्च साधारण चौपट होतो. दोन्ही बाजू जुळल्या की शिल्लक शून्य. मग वेग वाढायचा थांबतो आणि वस्तू त्याच वेगाने खाली येते. याला अंतिम वेग म्हणतात.

दोन किलोमीटरवरून निघालेला थेंब हवा नसती तर ताशी ७०० किलोमीटरने आपल्यावर आदळला असता. प्रत्यक्षात मोठ्यात मोठा थेंबही ताशी ३०-३५ किलोमीटरच्या पुढे जात नाही. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा थेंब मोठा झाला की हवाच त्याला फोडून टाकते.

गार घट्ट असते, ती फुटत नाही, वाढत जाते. तिची जाडी दुप्पट झाली की वजन आठपट होतं, पण हवेला अडणारा भाग चौपटच. म्हणून मोठी गार जास्त वेगाने येते. लिंबाएवढी गार सुमारे ३० ग्रॅमची, वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. टपोरा थेंब एक ग्रॅमचा दहावा भागही नसतो. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद भागात गारपिटीने २४६ जणांचा जीव घेतला. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीचे हे सर्वाधिक बळी आहेत.

कुंडीला ब्रेक नाही

तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे दहा मीटरवरून, मातीने भरलेली कुंडी सुटली तर दीड सेकंदाच्या आत खाली येते, तीही ताशी ५० किलोमीटरने. एवढ्या कमी अंतरात जड वस्तूला हवेचा ब्रेक लागतच नाही. बांधकामावरची वीट, पान्हा, नारळ यांचंही तेच.

तेव्हा वळवाचे दिवस सुरू होण्याआधी कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरवा. गारा सुरू झाल्या तर दुचाकी बाजूला घ्या, पण हेल्मेट काढू नका. झाडाखाली नको, विजेचाही धोका असतो. पक्क्या छपराखाली थांबा. जनावरं गोठ्यात घ्या. आणि गारा वेचायला धावणाऱ्या पोरांना सांगा, आधी थांबू देत, मग वेचा.