मृत्युपत्र कुलपात, वारस दारात

मृत्युपत्र कसं लिहावं याचे सल्ले भरपूर मिळतात. सही झाल्यावर तो कागद पुढची दहा-वीस वर्षं कुठे राहणार, हा विचार मात्र बहुतेक घरांत कपाटाच्या चोरकप्प्यापाशी संपतो.

‘बँकेच्या लॉकरसारखी सुरक्षित जागा नाही,’ असं म्हणतात. चोरापासून सुरक्षित, हे खरं. पण लॉकरला सहधारक किंवा नॉमिनी नसेल, तर तो उघडण्याआधी बँक वारसांकडे कागद मागते, आणि नेमका तोच कागद आत बंद असतो. लॉकर वापरायचाच तर नॉमिनी नेमा आणि एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला, तसं सांगून ठेवा.

‘कुणाला काही बोलायचंच नाही, म्हणजे भांडणं नकोत.’ मजकूर जरूर गुप्त ठेवा, ठिकाण नको. मृत्युपत्र करणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि त्याच्या मागे ते सापडलं नाही, तर त्यानेच ते रद्द करायच्या इराद्याने फाडलं असावं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. हे गृहीतक पुराव्याने खोडता येतं. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम २३७ खाली हरवलेल्या मृत्युपत्राची जपलेली प्रत किंवा मसुदाही न्यायालयापुढे नेता येतो. पण झेरॉक्सवर खटला चालवणं वारसांच्या नशिबी का आणायचं?

सरकारदरबारी यासाठी एक चांगली सोय आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसते, याचं मला नेहमी नवल वाटतं. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ४२ नुसार मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येतं. आतला मजकूर कुणी वाचत नाही. पाकिटावरचा तपशील नोंदवहीत उतरवून पाकीट अग्निरोधक पेटीत जातं. विचार बदलला तर करणाऱ्याला ते परत मागता येतं. मृत्यूनंतर कुणी अर्ज केला, की निबंधक ते त्याच्यासमोर उघडतात, अर्जदाराच्या खर्चाने मजकूर नोंदवून घेतात आणि मूळ प्रत पुन्हा आपल्याकडे ठेवतात. अर्थात अर्ज करायला कुणाला तरी हे माहीत हवं.

याहून परिचित मार्ग दुय्यम निबंधकांकडे नोंदणीचा. ती ऐच्छिक आहे. ‘नोंदवलं की गावभर होतं’ ही भीती फुकाची, कारण करणारा हयात असेपर्यंत नोंदीची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. आणि ‘नोंदवलेलं मृत्युपत्र बदलता येत नाही’ हे तर साफ चूक. शेवटचं वैध मृत्युपत्र चालतं, मग आधीचं नोंदणीकृत आणि नंतरचं साध्या कागदावरचं असलं तरीही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, त्यामुळे स्टँप पेपर शोधत बसायला नको. करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांचं साक्षांकन मात्र हवंच. साक्षीदार आपल्याहून तरुण निवडावेत. पुढे त्यांच्यापैकी एखाद्याला कोर्टात उभं राहावं लागतं. (हे सगळं महाराष्ट्रापुरतं. गोव्याचा २०१२ चा वारसा कायदा वेगळा आहे.)

सगळ्यात महागात पडते ती पेनाची दुरुस्ती. मूळ कागदावर धाकट्याचं नाव खोडून वर थोरल्याचं लिहिलं, बाजूला तारीख टाकली, झालं. कायद्याच्या लेखी अशा खाडाखोडीला किंमत नाही. मृत्युपत्राला लागते तशीच सही आणि साक्षांकन त्या बदलालाही लागतं. लहान बदलाला पुरवणी, म्हणजे कोडिसिल, करता येते. पण मी म्हणेन, दोन पानांसाठी कंजुषी कशाला, नवंच करा.

बदल करायचा कधी? लग्न, जन्म, मृत्यू, घटस्फोट या वेळा सुचतात. (ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होतं, हिंदूंचं नाही.) मुंबई-पुण्यात विसरली जाते ती गोष्ट म्हणजे पुनर्विकास. मृत्युपत्रात ‘तिसऱ्या मजल्यावरची खोली मुलीला’ लिहिलेलं असतं आणि आता ना ती इमारत उरलेली असते ना ती खोली. नवा फ्लॅट त्याच वाक्यात बसतो का, यावर घरातच दोन वकील उभे राहतात. विकलेल्या जमिनीचं तर बोलायलाच नको. मृत्यूच्या वेळी जे आपलं नाही, ते कुणाला देता येत नाही. फ्लॅटचा ताबा मिळाला की मृत्युपत्रही बदलावं. ‘नॉमिनी बदलला, तेवढं पुरे’ असंही नाही. कंपनीच्या शेअरचा नॉमिनी आपसूक मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या एका कुटुंबाच्या वादात सांगितलं.

नवं झालं की जुनं लगेच फाडायचं? थोडं थांबा. ‘याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ ही ओळ नव्यात हवीच. पण साक्षांकनातल्या दोषामुळे नवं कोर्टात पडलं, तर त्यातली ती ओळही पडते आणि जुनं उभं राहू शकतं. रद्द करायच्या हेतूने ते तुम्ही स्वतः फाडलं असेल, तर तो रस्ता बंद. म्हणून जुन्यावर ‘यानंतर नवं केलं आहे’ अशी तारखेची चिठ्ठी लावून ते वकिलाकडे किंवा एक्झिक्युटरकडे वेगळ्या पाकिटात ठेवावं. दोन्ही एकाच फाइलमध्ये मात्र नकोत.