संगणकीय आज्ञावलींतील स्थिरांक व एकके

दारव्ह्यावरून गेलेल्या मूर्तिजापूर–यवतमाळ लोहमार्गाच्या दोन रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, असे ठरविलेले होते. १९५९ साली इंचाचे मान २५.४ मिलिमीटर असे निश्चित झाल्यामुळे हे रूपांतर तंतोतंत आहे. तथापि संगणकाच्या स्मृतीत नुसता २.५ हा आकडा ठेवल्यास तो फुटांचा की मीटरांचा, हे कळण्यास मार्ग उरत नाही. यासाठी ज्या तयार आज्ञावलींच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात, तीत राशी ही संख्या व एकक अशा जोडीने मांडतात.

एककाबरोबर लांबी, वस्तुमान, काल या मूलभूत मितींचे घातांकही नोंदलेले असतात. बेरजेत ते न जुळल्यास आज्ञावली तेथेच थांबते. एककांची नोंद सुटली, की काय घडते हे १९९९ साली दिसून आले. एका आज्ञावलीने पौंडांच्या मानाने दिलेला आवेग दुसरीने न्यूटनांच्या मानाचा समजून घेतला आणि मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले.

स्थिरांकांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. प्रकाशाचा वेग १९८३ पासून सेकंदास २९,९७,९२,४५८ मीटर असा व्याख्येनेच ठरलेला असल्याने त्यात अनिश्चितता नाही. गुरुत्व-स्थिरांक मात्र प्रयोगाने मोजावा लागतो. त्याच्या मूल्याबरोबर अनिश्चितताही साठविली पाहिजे. पायथन भाषेच्या सायपाय या लायब्ररीत मूल्य, एकक व अनिश्चितता अशी त्रयी मिळते. ही मूल्ये वेळोवेळी सुधारली जात असल्याने ती कोणत्या वर्षीची, याचीही नोंद हवी. एरवी जुने गणित पुन्हा पडताळता येत नाही.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. वऱ्हाडातील कापसाचेच उदाहरण घ्यावे. रुईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५५.६ किलोग्रॅमची, मद्रासकडील खंडी ५०० पौंडांची होती. तेव्हा एककाचे नाव पुरत नाही, त्याची व्याख्या हवी. शिवाय शेतकऱ्याचा कापूस क्विंटलाच्या दराने जातो, तर रुईचा भाव खंडीवर निघतो. दोन्ही मापे वस्तुमानाचीच असल्याने मितींच्या कसोटीस हे दोन्ही दर सारखेच उतरतात. परंतु सरकीसह असलेल्या कापसातून रुई निघते ती सुमारे एक-तृतीयांश. हा भेद आज्ञावलीत नोंदलेला नसेल, तर एककांचे रूपांतर बिनचूक होऊनही शेतकऱ्यापुढे येणारा भाव चुकीचाच ठरेल.